डोळे गेलेल्या ड्रायव्हरची अर्जंट गाडी

मी गाडी घेतली ती सूड म्हणून घेतली. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला करमत नव्हतं म्हणून घेतली. कुणी म्हणतं जुळे सोलापूरला राहणाऱ्या पोरानं घेऊन दिली. पोराचा त्यात एक पैसा नाही, आणि न करमायला मी काही रिटायर झालेला मास्तर नव्हे. सूड म्हणून घेतली. हे एकदा सांगितलं म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळा.

जन्मभर मी एकाच ट्रान्सपोर्टवाल्याकडं ड्रायव्हर होतो. आधी बापाच्या हाताखाली, मग बाप गेल्यावर पोराच्या. ह्या पोराला मी चड्डीत बघितलेला. ट्रकच्या बोनेटवर बसून मला "मामा, हॉर्न वाजव" म्हणायचा. गादीवर बसला तसा मामाचा 'अरे' झाला आणि पुढं पुढं 'ए म्हाताऱ्या' झाला. तेही मी चालवून घेतलं. मालक हाय, म्हणू दे.

मग माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, डॉक्टरनं काळा गॉगल दिला. तो घालून मी रजा सांगायला अड्ड्यावर गेलो. सगळे ड्रायव्हर चहा पीत उभे होते. मालकानं मला लांबून बघितलं आणि ओरडला, "आला बघा हिरो! कुठल्या पिच्चरला चाललास रे?"

"मोतीबिंदू काढलाय मालक. डाक्टरनं थोडं थांबा म्हणून सांगितलंय. मग येतो गाडीवर."

"गाडीवर?" त्यानं हात पुढं केला. "चावी ठेव हितं. आंधळ्याच्या हातात ट्रक दिला तर मला जेलात बसावं लागंल. तू आपला देवळाच्या पायरीवर बस. गॉगल हायच, वाटी घे फकस्त."

सगळे हसले. ज्यांना मी गिअर टाकायला शिकवला ते पण हसले. मी चावी ठेवली आणि आलो.

नुसतं काढून टाकलं असतं तर मी दोन शिव्या देऊन गप बसलो असतो. पण ह्यानं माझे डोळे गेल्याचं गावभर केलं. दुसऱ्या ट्रान्सपोर्टला काम मागायला गेलो तर तिथला माणूस खाली बघत म्हणाला, "डोळ्याचं ऐकलं मामा, वाईट झालं." अरे, काय वाईट झालं? ऑपरेशननंतर मला लांबच्या चिंचेवरचा पोपट दिसायला लागला होता. लायसनला डॉक्टरनं भिंतीवरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ वाचायला लावली, ती मी वाचली. वाचायला मी शाळेत शिकलो नाही, दुसरीतून पळालो होतो. रस्त्यावरच्या दगडांनी आणि पाट्यांनी शिकवलं. पण लायसन काय गळ्यात अडकवून फिरायचं?

तेव्हा मी मंद्रूपच्या शिवारातला माझ्या वाट्याचा तुकडा भावाला विकून टाकला आणि पिकअप घेतली. बायको दुधनीची. तिला राग आला की ती मराठी सोडून कानडीत शिरते. त्या दिवशी ती कानडीतच होती. "निमगं हुच्च हिडदद," म्हणाली, तुमाला वेड लागलंय. मग मराठीत आली. "अवो, ह्या वयात लोक खाटंवर बसत्यात. तुमी कुटं निघालाय?"

"त्याच्या पोटावर पाय द्यायला," मी म्हणालो.

"त्याचं पोट लई मोठं हाय. पाय मोडून घ्याल."

एमआयडीसीच्या वळणावर लिंबाखाली पिकअपवाल्यांचा स्टँड आहे. तिथं जाऊन गाडी लावली. पहिले कितीतरी दिवस कुणी विचारलं नाही. गिऱ्हाईक यायचं, गाडी नवी बघून जवळ यायचं, मला बघायचं आणि पलीकडच्या गाडीकडं जायचं. एकानं तर माझ्या तोंडापुढं हात हलवून बघितला. मी तो हात धरला आणि म्हणालो, "अंगठी पितळेची हाय, सोन्याची म्हणून घालू नकोस." तो पळाला. काम मात्र गेलं ते गेलंच.

बसून बसून मी एक गोष्ट बघत होतो. आमच्या धंद्यात भरतीशिवाय गाडी हलत नाही. एका गिऱ्हाइकाचा अर्धी गाडी माल भरला की गाडीवाला त्याला सांगतो, "आत्ता निघतो." आणि दुसऱ्याच्या मालाची वाट बघत बसतो. निघाला तरी मोहोळला थांबतो, टेंभुर्णीला थांबतो, जिथं हात करतील तिथं पोती टाकून घेतो. माझ्या मालकाचा तर हा रोगच होता. गाडीचा मागचा फाळका उघडला आणि आत हातभर मोकळी जागा दिसली की त्याला जेवण जात नसे. जन्मभर मी तशाच गाड्या चालवल्या आणि पोचल्यावर गिऱ्हाइकाच्या शिव्या मीच खाल्ल्या. मालक गादीवर, शिव्या रस्त्यावर.

मग ठरवलं, आपण उलटं करायचं. एका वेळी एकाचाच माल. मुठीएवढा असला तरी एकाचाच. ताडपत्री बांधली की ज्याचा माल त्याच्या दारातच सोडायची. येताना रिकामी आली तरी चालंल. भाडं जास्त घ्यायचं, पण सांगितल्या वेळेला पोचवायचं. गाडीच्या काचेवर रंगाऱ्याकडून एकच शब्द लिहून घेतला, 'अर्जंट'.

स्टँडवरची पोरं खोकून खोकून हसली. "आण्णा, रिकामी गाडी पळवायला लागलाय व्हय? डिझेल काय नळाला येतंय?" दुसरा म्हणाला, "अर्जंट न्हाय रे, अँब्युलन्स हाय ती. आतला पेशंटच गाडी चालवतोय." तेव्हापासून मी स्टँडवर गाडी लावली की कुणीतरी तोंडानं सायरन वाजवायचं. मी पण खिडकीतून सलाम करायचो. मनात प्रत्येकाचं तोंड लक्षात ठेवत होतो.

पहिलं अर्जंट काम एका डाइंगवाल्यानं, म्हणजे सूत रंगवणाऱ्यानं, दिलं. त्याचा पंप जळाला होता, सूत भिजत पडलं होतं, आणि नवा पंप पुण्याहून आणायचा होता. दुसरी गाडी लगेच निघायला तयार नव्हती म्हणून नाइलाजानं माझ्याकडं आला. मी गेलो, पंप घेतला, एवढ्या मोठ्या गाडीत तो नवरदेवासारखा एकटा बसवला आणि निघालो. टेंभुर्णीला एकानं केळीच्या क्रेटजवळ उभं राहून हात केला. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला! जन्माची खोड. तो माणूस जवळ येऊन "मागं मोकळंच दिसतंय की" म्हणाला, आणि त्याच्या तोंडून मला माझ्या मालकाचाच आवाज आला. मी गिअर टाकला. सोलापुरात पोचलो तेव्हा डाइंगवाला दारातच उभा होता. त्यानं माझ्या डोळ्यांकडं बघितलं नाही, पंपाकडं बघितलं. त्या दिवशी मला कळलं की ह्या धंद्यात माझा जम बसणार.

हळूहळू कामं यायला लागली. कुणाच्या मशीनचा दात तुटला, कुणाचे शाळेचे गणवेश शाळा सुरू व्हायच्या आत पोचवायचे. पण मला पाहिजे होती ती एकच फॅक्टरी. टॉवेलची. माल परदेशी जातो त्यांचा. माझ्या मालकाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक ते. त्यांच्या पेट्या मी बापाच्या काळापासून वाहिल्या होत्या. ते गिऱ्हाईक काढून घेतलं की मालकाचं नाक कापल्यासारखं होणार होतं.

एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तिथला मॅनेजर तरुण पोरगा, बोलायला गोड. खुर्ची दिली, पाणी दिलं. "काका, आमचं ट्रान्सपोर्ट ठरलेलं आहे हो," म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आणि तुमच्या तब्येतीचं पण कानावर आलंय. आमचा माल एक्स्पोर्टचा, रिस्क नको वाटते."

तब्येतीचं म्हणजे डोळ्यांचं. पाणी तसंच ठेवून मी उठलो. गाडीत बसलो आणि फॅक्टरीच्या गेटवरची पाटी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली.

माझ्या सुडाचा दिवस उजाडला तो असा. सकाळी मी काच पुसत होतो. स्टँडवर कार थांबली आणि माझा मालक उतरला. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पण तोंड उतरलेलं. माझ्या गाडीवरून त्याची नजर घसरून पुढं गेली. पहिल्या पिकअपवाल्याला म्हणाला, "पुण्याला चल, आत्ताच्या आत्ता. मोहोळपासून माल घ्यायचाय."

"भरती घेऊन बसलोय मालक. अर्धी गाडी भरलीय, दुसऱ्याची पोती यायचीत."

दुसऱ्याची तीच गत, तिसऱ्याची तीच. सगळ्यांच्या गाड्या अर्ध्या भरलेल्या आणि अडकलेल्या. त्यांना ही रीत कुणी शिकवली म्हणाल तर ह्याच्यासारख्यांनीच. मोकळी उभी होती ती फक्त माझी.

तो आला. खाली बघत म्हणाला, "मामा."

किती वर्षांनी मामा! मी फडकं पिळलं. "बोला मालक."

त्यानं सांगितलं ते असं. टॉवेलच्या फॅक्टरीला त्यानं अर्जंट ट्रक देतो म्हणून शब्द दिला होता. पुण्याबाहेरच्या एका गोदामात कंटेनर लागलेला, संध्याकाळी गेट बंद झालं की कंटेनर निघून जाणार. ह्यानं ट्रक पाठवला, पण पेट्या थोड्याच होत्या, त्यांच्या वर मोकळी जागा दिसली. मोहोळजवळ कांद्याची पोती चढवायला लावली. इतकी चढवली की ट्रकचा अ‍ॅक्सल मोडला. आता ट्रक रस्त्याच्या कडंला बसलेला, टॉवेल कांद्याखाली.

"माझ्या बाकीच्या गाड्या बाहेरगावी हायत, दुसरी न्हाय मामा. तुला काय पायजे ते घे."

स्टँडवरची सगळी पोरं गोळा झाली होती. मी सावकाश म्हणालो, "येतो. पण एक अट हाय. तुमी माझ्या शेजारी बसायचं. पुण्यापर्यंत."

"मी? मी कशाला? मी कारनं येतो की मागनं."

"डोळे गेलेत की माझे. तुमीच सांगितलंय सगळ्या गावाला. मग मला रस्ता कोण दाखवणार? म्हैस कुटली, माणूस कुटला, तुमी सांगायचं."

पोरांत असा हशा उठला की लिंबावरचे कावळे उडाले. एकानं सायरन वाजवला. पण ह्या वेळी तो माझ्यासाठी नव्हता. मालकानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, घड्याळ बघितलं आणि दार उघडून चढला. त्याला चढता पण येत नव्हतं नीट. ट्रकवर पोट भरलं, मोठा झाल्यावर केबिनमध्ये कधी बसला नव्हता.

मोहोळला दोनच हमाल मिळाले. आधी कांदा उतरवायचा, मग पेट्या काढायच्या. मी चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसलो. तो घाम पुसत आला, "मामा, हात लाव की जरा."

"मी ड्रायव्हर हाय मालक, हमाल न्हाय. उशीर व्हायला लागला तर तुमी लावा."

त्यानं लावला. पांढऱ्या शर्टावर पोतं घेऊन तो वाकला तेव्हा मी दुसरा चहा सांगितला. इतका गोड चहा मी आयुष्यात प्यालो नाही. शेवटची पेटी चढली की मात्र उठलो आणि ताडपत्री स्वतःच्या हातानं बांधली. बांधणं दुसऱ्यावर सोडत नाही मी.

हायवेला लागल्यावर विचारलं, "पुढं काय हाय मालक?"

"ट्रॅक्टर हाय."

"कसला?"

"उसाचा."

"मागच्या ट्रॉलीचा नंबर सांगा."

"एवढ्या लांबचा? कसा दिसंल?"

मी सांगितला. ओव्हरटेक करताना गाडी मुद्दाम हळू केली, म्हणजे त्याला वाचता यावा. तो नंबर तोच होता. पुढं ढाब्याची पाटी वाचली, पुलावर कुणी खडूनं लिहिलेली शिवी वाचली, समोरून येणाऱ्या ट्रकच्या कपाळावरचं देवाचं नाव वाचलं. तो दांडा धरून बसला होता. मीच बोलत होतो. जन्मभर गप बसलेला माणूस बोलायला लागला की समोरच्याला जड जातं.

इंदापूरच्या अलीकडं त्याचा फोन वाजला. तो बोलता बोलता मागच्या खिडकीतून वळून बघायला लागला आणि मला कळलं. फोन हातानं झाकून म्हणाला, "मामा, हायवेलाच लागून हाय. दोन मशीनच्या पेट्या. पाच मिनिटाचं काम. मागं जागा हाय की."

शर्टाला कांद्याची सालं चिकटलेली, कंबर मोडलेली, इज्जत पणाला लागलेली, आणि ह्याला मागं जागा दिसत होती!

मी गाडी कडंला घेतली आणि बंद केली. तो खूश झाला, त्याला वाटलं मी तयार झालो. मी मात्र दुसराच विचार करत होतो. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं मला. पाच मिनिटाचा तास होतो हे मला चांगलं माहिती. गेट बंद होणार, कंटेनर जाणार, टॉवेलवाले ह्याला कायमचे हाकलणार. माझा एक शब्द आणि हा संपला असता. आणि दोष पण त्याचाच.

पण दोष त्याचा राहिला असता का? गावात काय बोलले असते? म्हाताऱ्याच्या गाडीत माल घातला आणि उशीर झाला. डोळे गेलेल्याकडून दुसरं काय होणार? ह्याला बुडवायच्या नादात मी माझंच नाव बुडवलं असतं. मला ह्याला बुडवायचं होतं ते वेळेवर पोचून.

"फोन बंद करा," मी म्हणालो, "न्हाईतर हितं उतरा."

"भाडं मी देतोय!"

"गाडी माझी हाय."

त्यानं फोन खिशात घातला. मी गाडी चालू केली ती पुण्यालाच थांबवली.

गोदामाच्या गेटवर पोचलो तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. तोच मॅनेजर पोरगा आदल्या दिवसापासून पुण्यात येऊन थांबलेला. कंटेनरपुढं येरझारा घालत होता. आमची गाडी बघून धावत आला. "पोचलात! ही गाडी कुणाची?"

मालक पटकन उतरला. "आपलीच हाय साहेब. आपला जुना ड्रायव्हर."

ही संधी मी सोडणार होतो होय? मी खाली उतरलो, फाळका उघडला आणि सगळं सांगितलं. कांदा सांगितला, अ‍ॅक्सल सांगितला, इंदापूरचा फोन सांगितला. काही राखून ठेवलं नाही. "मामा, गप," "मामा, पुरे" असं मालक मागून म्हणत होता. मॅनेजरनं एक पेटी पुढं ओढली. चिकटपट्टीला कांद्याचं साल होतं. त्यानं ते दोन बोटांनी काढलं, पेटीचा वास घेतला आणि मालकाकडं बघून म्हणाला, "टॉवेल आहेत हे. भाजी नाही."

मग माझ्याकडं वळला. "काका, तुमचा नंबर द्या."

मी तो खणखणीत आवाजात सांगितला, गेटवरच्या वॉचमनला पण पाठ झाला असेल.

पेट्या कंटेनरमध्ये जात होत्या तेव्हा मालक माझ्याजवळ आला. "तुला काय पायजे होतं? माफी? मागतो की. सगळ्यांपुढं मागतो."

"माफी ठिवा तुमच्याकडं. मला तुमचं गिऱ्हाईक पायजे होतं. ते मिळालं."

"माझ्या बापाच्या ताटात जेवलास तू!"

"जेवलो. तुमच्या बापानं कदी मला आंधळा म्हणलं न्हाय."

माल उतरला, भाडं हातात पडलं. तो केबिनच्या दाराशी उभा राहिला, माझ्याबरोबरच परत जायचं म्हणून. मी आतून दार लावून घेतलं. "पुण्यापर्यंत ठरलं होतं मालक. परतीचं ठरलं न्हवतं. एसटी मिळंल बघा." आणि निघालो. आरशात तो बराच वेळ दिसत होता. मला लांबचं चांगलं दिसतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती आधी हसली, मग म्हणाली, "दुपारी त्याला जेवायला तरी घातलंत का?" मी म्हणालो, कांदा होता की त्याच्याकडं. ती उठून आत गेली. बायकांना सूड कळतो, पण जेवणाच्या वेळेचा कळत नाही.

आता टॉवेलच्या फॅक्टरीचं अर्जंट माझ्याकडं आहे. मालकाचं बोलणं पण बदललंय. म्हातारा नमकहराम हाय, ताटात खाऊन ताटात घाण केली, असं सांगत फिरतो. सांगू दे. नमकहरामाकडं लोक गाडी मागायला येतात, आंधळ्याकडं येत नाहीत. डोळ्यांबद्दल बोलायचं त्यानं बंद केलं, कारण त्या दिवशीचं स्टँडवरच्या पोरांनी इतकं मीठमसाला लावून सांगितलंय की त्यानं नुसतं 'डोळे' म्हटलं तरी लोक त्यालाच ट्रॉलीचा नंबर विचारतात.

परवा जेवताना बायको म्हणाली, "झालं न्हवं मनासारखं? आता पुरे करा की."

मी भाकरी मोडली. म्हणालो, "त्याची अजून दोन गिऱ्हाइकं हायत."